सपाट पाण्याचा मिस्त्री

काम अडले की जेम्स ब्रिंडली अंथरुणात जाऊन पडायचा. आजारी वगैरे नसायचा. दार लावून घ्यायचा आणि एक दिवस, दोन दिवस, कधी कधी तीन दिवस नुसता पडून राहायचा. उशाशी कागद नाही, पेन्सिल नाही, मोजपट्टी नाही. उठायचा तेव्हा चक्की असो की पूल, त्यातला शेवटचा दांडासुद्धा डोक्यात बसलेला असायचा, आणि तो थेट कामावर जाऊन माणसांना सांगायला लागायचा. ही सवय त्याच्या जवळच्या माणसांनी सांगितली आणि १७८० साली निघालेल्या ‘बायोग्राफिया ब्रिटानिका’च्या खंडात ती छापून आली. तेव्हापासून ब्रिंडलीवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण ती सांगतो. मीही सांगितली.

पण या गोष्टीने ब्रिंडलीचे थोडे नुकसानच केले आहे. अडाणी, अक्षरशत्रू, पण दैवी प्रतिभा असलेला खेडूत, अशी त्याची मूर्ती एकोणिसाव्या शतकात घडवली गेली. त्यात सॅम्युअल स्माइल्सचा वाटा मोठा. गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर वर आलेली माणसे स्माइल्सला हवीच असत, आणि ‘लाइव्ह्ज ऑफ द इंजिनिअर्स’ लिहिताना ब्रिंडली त्याच्या हाती आयता लागला. प्रत्यक्षात ब्रिंडली अक्षरशत्रू नव्हता. त्याच्या खिशातल्या वह्या आज उपलब्ध आहेत. कोणत्या दिवशी कुठे गेलो, किती दिवस काम केले, कुणाकडून किती येणे आहे, हे त्यांत टिपलेले आहे. शुद्धलेखन मात्र अगाध. शब्द कानाला जसा ऐकू आला तसा कागदावर. ‘सर्व्हे’ आणि ‘नॅव्हिगेशन’ या धंद्यातल्या रोजच्या शब्दांचेही त्याने जे हाल केले आहेत ते पाहून शाळामास्तर रडेल. एका वाफेच्या इंजिनाची चाचणी चालू असताना त्याने रोज एकेका शब्दात निकाल लिहिला आहे: आज नशीब वाईट, आज नशीब मध्यम. मध्येच दारूवर दीड शिलिंग खर्च.

तर या माणसाने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कालव्यांच्या कामाला हात घातला आणि छप्पनाव्या वर्षी तो मेला. मधल्या तेरा वर्षांत त्याने आखलेल्या कालव्यांची लांबी साडेतीनशे मैलांच्या वर जाते. त्यातले बहुतेक त्याच्या डोळ्यांदेखत पुरे झाले नाहीत. त्याने घेतलेल्या दोन निर्णयांनी मात्र इंग्लंडच्या अंतर्भागातली वाहतूक पुढची दोनशे वर्षे बांधून ठेवली. पहिला: पाणी चढवू नका, उतरवू नका, पातळी धरून चला. दुसरा: होड्या चढवणारे-उतरवणारे लॉक सात फूट रुंद पुरे. दोन्ही निर्णय त्या काळात शहाणपणाचे होते, आणि दोन्हींची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

*

ब्रिंडलीचा जन्म १७१६ सालचा, डर्बीशरमधल्या बक्स्टनजवळच्या टनस्टेड नावाच्या वस्तीतला. पुढे घरची मंडळी स्टॅफर्डशरमध्ये लीक गावाजवळ शेतीवर राहायला आली. सतराव्या वर्षी तो मॅकल्सफील्डजवळच्या सटन गावी एब्राहम बेनेट नावाच्या मिस्त्रीकडे उमेदवारीला राहिला. मिस्त्री कसला, तर पाणचक्क्या बांधणारा. त्या काळातला हा मिस्त्री म्हणजे सुतार, लोहार, गवंडी आणि पाण्याचा जाणकार, सगळे एकाच अंगात. ओढ्याला किती पाणी आहे, ते किती उंचीवरून पडते, चाकाच्या पाळीवर ते कुठे आदळले तर जोर जास्त येईल, हे त्याला नजरेने कळावे लागे. अभियांत्रिकी शिकवणारी शाळा इंग्लंडात नव्हतीच. नदीच्या पात्रात उभे राहून ही विद्या शिकायची.

उमेदवारीतली एक कथा लीकच्या परिसरात अजून सांगतात. बेनेटने कागदाच्या गिरणीचे काम अंगावर घेतले होते, पण ती बांधायची कशी हे त्याला नीट ठाऊक नव्हते. शनिवारी काम आटोपल्यावर ब्रिंडली मँचेस्टरच्या बाजूला असलेली एक कागदगिरणी बघायला पायी निघाला, रविवारी तिच्यातले सगळे डोळ्यांनी टिपले आणि सोमवारी सकाळी परत कामावर हजर. जाऊन-येऊन पन्नास मैलांची चाल. कथेला तिखटमीठ लागले असेलच. पण ब्रिंडलीच्या पुढच्या आयुष्याची रीत हीच राहिली: जाऊन बघायचे, डोक्यात ठेवायचे, मग बांधायचे.

१७४२ च्या सुमारास त्याने लीकमध्ये स्वतःचे दुकान थाटले. तिथे चर्नेट नदीकाठी त्याची म्हणून ओळखली जाणारी, १७५२ सालची पिठाची पाणचक्की आता छोटे संग्रहालय आहे. त्याच साली त्याच्याकडे एक विलक्षण काम आले. लँकेशरमधल्या क्लिफ्टन इथल्या वेट अर्थ नावाच्या कोळशाच्या खाणीत पाणी भरत होते. उपसायला चाक फिरवायचे तर पाणी हवे, आणि ते होते अर्वेल नदीत. पुन्हा चाक बसवायची जागा नदीच्या दुसऱ्या अंगाला. ब्रिंडलीने वरच्या बाजूला नदीचे पाणी अडवले, खडकातून बोगद्याने ते शेकडो यार्ड आणले, मग नदीच्याच तळाखालून ‘यू’ आकाराच्या नळातून पलीकडे चढवले, आणि तिथे चाकावर सोडले. नदीचे पाणी नदीखालून नेऊन खाणीचे पाणी नदीत फेकायचे! ही व्यवस्था शंभरहून अधिक वर्षे चालली. कालव्यांच्या आधीचा ब्रिंडली समजून घ्यायचा तर हे एक काम पुरेसे आहे. पाणी कुठवर आपोआप येईल आणि कुठून पुढे येणार नाही, याचा अंदाज या माणसाला कसा होता, ते त्यात दिसते.

*

वर्स्लीचा तरुण ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर, फ्रान्सिस एगर्टन, याची ओळख इंग्रज वाचकांना दोन कारणांनी असते. एक म्हणजे एलिझाबेथ गनिंग या त्या काळच्या गाजलेल्या सौंदर्यवतीशी ठरलेले त्याचे लग्न मोडले, आणि त्याने लंडनच्या उच्चभ्रू जगाकडे पाठ फिरवली. दुसरे म्हणजे कालवा. पहिल्यामुळे दुसरे झाले असे सांगायची पद्धत आहे. मला त्यात फारसे तथ्य वाटत नाही. त्याच्या वर्स्लीच्या जमिनीखाली कोळसा होता, मँचेस्टर फार तर दहा मैलांवर होते, आणि कोळसा घोड्यांच्या पाठीवर लादून नेण्यात सगळा नफा वाटेतच जिरत होता. एवढे कारण कुठल्याही जमीनदाराला पुरे झाले असते. युरोपच्या प्रवासात त्याने फ्रान्समधला, १६८१ साली खुला झालेला, कॅनाल द्यु मिदी पाहिलेला होता. आणि घराजवळच, सेंट हेलेन्सचा कोळसा मर्सीकडे नेणारा सँकी कालवा हेन्री बेरीने १७५७ सालीच चालू केला होता. ब्रिजवॉटरचा कालवा इंग्लंडातला पहिला, हे वाक्य पुस्तकांत वारंवार भेटते. ते बरोबर नाही.

ड्यूकचा कारभारी होता जॉन गिल्बर्ट. खाणीचा माणूस, हिशेबाचा पक्का. १७५९ च्या मार्चमध्ये पार्लमेंटने कालव्याला मंजुरी दिली, आणि जुलैत गिल्बर्टच्या ओळखीने ब्रिंडली वर्स्लीला आला. पहिल्या कायद्यात कालवा अर्वेल नदीच्या उत्तरेकडूनच सॅल्फर्डला जायचा होता. तिथून आखणीचे पाऊल एकदम वेगळ्या दिशेला पडले: नदी ओलांडायची, आणि तीही खाली न उतरता. वर्स्लीपासून मँचेस्टरपर्यंत पाणी एकाच पातळीत, वाटेत एकही लॉक नाही. त्यासाठी बार्टन इथे नदीवरून पाणी वाहून नेणारा दगडी पूल बांधायचा, ज्यावरून भरलेल्या होड्या जातील.

ही कल्पना ब्रिंडलीची की गिल्बर्टची, यावर इंग्रज अभ्यासक बरीच वर्षे भांडत आले आहेत. अलीकडचा कल गिल्बर्टकडे आहे. मला हा वाद थोडा पोकळ वाटतो. खाणीच्या तोंडापासून गावाच्या तोंडापर्यंत एकसलग सपाट पाणी हवे, ही व्यापाऱ्याची गरज. ते तसे राहील अशी वाट शोधणे आणि पूल गळणार नाही याची हमी घेणे, हे मिस्त्रीचे काम. दोघांपैकी एकाला वगळून तो कालवा होत नाही.

पार्लमेंटच्या समितीपुढे ब्रिंडलीने पुलाचा नमुना चीजच्या मोठ्या गोळ्यातून कापून दाखवला, अशी कथा आहे. तिच्यावर कुणी पैज लावू नये. दुसरी कथा जास्त कामाची. कालव्याच्या तळातून पाणी झिरपून जाईल, अशी शंका खासदारांनी काढली, तेव्हा त्याने समितीच्या खोलीत चिकणमाती आणवली. एक पन्हळ करून पाणी ओतले; ते गळून गेले. मग तीच माती पाण्याबरोबर तुडवून, मळून, पुन्हा पन्हळ केली. या वेळी थेंब गळला नाही. चिकणमाती आणि वाळू पाण्यात कालवायची, कुदळीने चिरायची, पायांनी तुडवायची, थरावर थर चढवायचे, आणि ती कधी वाळू द्यायची नाही. आपल्याकडच्या जुन्या मातीच्या धरणांच्या पोटात मळलेल्या काळ्या मातीची भिंत घालत, ती याच जातीची. ही युक्ती ब्रिंडलीने शोधली नाही. पण मैलोन्‌मैल कालव्याला ती पुरेल, हा भरवसा त्याने दिला, आणि त्यावर लोकांनी पैसे लावले.

बार्टनचा जलसेतू १७ जुलै १७६१ ला खुला झाला. लांबी सुमारे दोनशे यार्ड, तीन कमानी, मधली सर्वांत मोठी, नदीच्या पाण्यापासून उंची जवळजवळ चाळीस फूट. पहिल्यांदा पाणी भरताना एक कमान दबू लागली तेव्हा ब्रिंडलीने काय केले? तो जाऊन अंथरुणात पडला, असे सांगतात, आणि गिल्बर्टने कमानीवरचे ओझे उतरवून नव्याने भराव घातला. झोपेचे कौतुक करणारे चरित्रकार या प्रसंगावरून भरभर पुढे सरकतात.

लोक लांबून लांबून तो पूल बघायला येऊ लागले. खाली नदीत माणसांची रांग प्रवाहाविरुद्ध होडी ओढते आहे, आणि डोक्यावरून एक घोडा संथ पाण्यात भरलेली होडी आरामात नेतो आहे, असे ते दृश्य असे. मँचेस्टरला कोळशाचा भाव साधारण निम्म्यावर आला: हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे ५१ किलोंना, ७ पेन्सवरून साडेतीनवर. भाव ४ पेन्सच्या वर चाळीस वर्षे जाऊ द्यायचा नाही, अशी अट मूळ कायद्यातच होती. ड्यूकला हा सौदा सोपा गेला नाही. कालवा पुढे रनकॉर्नपर्यंत न्यायचा तर पैसा आटला. लंडनच्या चाइल्ड पेढीकडून २५,००० पौंड कर्ज काढावे लागले, आणि घरखर्च त्याने ४०० पौंडांवर आणून ठेवला. ड्यूकच्या मानाने हा फाकाच.

तो पूल आज नाही. १८९४ साली मँचेस्टरचा जहाजी कालवा झाला तेव्हा अर्वेलवरून मोठी जहाजे जायला हवी होती. ब्रिंडलीचा पूल पाडून तिथे फिरता लोखंडी जलसेतू बसवला. जहाज येणार असले की दोन्ही टोकांची दारे लावून, आतल्या पाण्यासकट, सगळा पूल मध्यावर वळतो. तो अजून चालू आहे.

*

आता त्याच्या कारकिर्दीतला मुख्य भाग, आणि इथे मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड येतो. स्टॅफर्डशरच्या बर्स्लेम परिसरात भांडी बनत, पण भांड्याला लागणारी माती आणि गारगोटी तिथली नव्हती. डेव्हन-कॉर्नवॉलची पांढरी माती जहाजाने मर्सीवर यायची, मग वीव्हर नदीने विन्सफर्डपर्यंत, आणि पुढे घोड्यांच्या पाठीवर. गारगोटी दुसऱ्या बाजूने, हल बंदरातून ट्रेंट नदीने विलिंग्टनपर्यंत. तयार माल पुन्हा त्याच खड्ड्यांतून बाहेर. चिनीमातीची कपबशी आणि खाचखळग्यांचा रस्ता यांचे वैर काय असते, हे वेजवुडला कुणी सांगायला नको होते.

मर्सी आणि ट्रेंट, म्हणजे पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा समुद्र, कालव्याने जोडायचे. ब्रिंडलीने ही वाट १७५८ सालीच पाहून ठेवली होती, ड्यूक भेटायच्या आधी. १४ मे १७६६ ला पार्लमेंटची मंजुरी मिळाली. २६ जुलैला बर्स्लेमजवळ वेजवुडने पहिला मातीचा तुकडा कापला आणि ब्रिंडलीने तो हातगाडीत घालून नेला. कंपनीने ब्रिंडलीला वर्षाला २०० पौंडांवर सर्व्हेअर-जनरल नेमले, त्याच्या मेहुण्याला, हेन्शॉलला, १५० पौंडांवर कामावरचा प्रमुख. लांबी ९३ मैल. वेजवुड खजिनदार झाला, बिनपगारी; कालव्याच्या काठावरच त्याने एट्रुरिया नावाचा नवा कारखाना काढला, तो १७६९ साली सुरू झाला. बिनपगारी असण्याचा हिशेब इथे लागतो.

ब्रिंडली काय करायचा, ते जरा सविस्तर पाहिले पाहिजे, कारण ‘सर्व्हे’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कचेरी आणि नकाशा येतो. तो आधी घोड्यावरून मुलूख नुसता पाहून घ्यायचा. डोंगराची सोंड कुठे पुढे येते, ओढे कुठून उतरतात, दोन खोऱ्यांमधली सगळ्यांत बुटकी खिंड कुठली. मग यंत्र. तिवईवर पाणसळीची दुर्बीण, समोर माणसाच्या हातात उभी पट्टी, आणि जमिनीवर गंटरची साखळी: ६६ फूट लांब, शंभर कड्यांची, अशा ८० साखळ्यांचा एक मैल. (आपली मोजणीची शंकुसाखळी ३३ फुटांची, या साखळीच्या बरोबर निम्मी, आणि तिचा चौरस म्हणजे आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर नेमका कसा बसतो, त्याचे उत्तर या साखळीत आहे.) लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत फ्रान्सिस पार्सन्सने १७७० साली काढलेले त्याचे चित्र आहे. धट्टाकट्टा, जाड मानेचा माणूस तिवईवरच्या यंत्राशी उभा आहे, आणि मागे बार्टनचा पूल.

वाट ठरवताना त्याचा नियम एकच. डोंगर आडवा आला तर त्याला वळसा घालायचा. दरी आली तर तिच्या काठाकाठाने आत जायचे, ओढा जिथे अरुंद होतो तिथे ओलांडायचे, आणि दुसऱ्या काठाने परत बाहेर यायचे. पाणलोटाच्या कामात आपल्याकडे डोंगरउतारावर समपातळी चर खणतात. त्यांतला एक चर सलग मैलोन्‌मैल चालत गेला आहे, अशी कल्पना करावी. पाणी कुठे वाहत नाही, त्यामुळे काठ खचत नाहीत. भराव कमी, खोदाई कमी. लॉक कमी म्हणजे गवंडीकाम कमी, आणि मुख्य म्हणजे पाण्याचा खर्च कमी. नद्यांवर ब्रिंडलीचा मुळीच विश्वास नव्हता. आज पूर, उद्या गाळ. नद्या देवाने कशासाठी केल्या, असे समितीत विचारल्यावर, कालव्यांना पाणी पुरवायला, असे त्याने उत्तर दिल्याची गोष्ट फार जुनी आहे. तो हे थट्टेत म्हणाला असेल असे मला वाटत नाही.

पण वळसा घालून घालून किती घालणार? बर्स्लेमच्या उत्तरेला हेअरकासल नावाची टेकडी भिंतीसारखी आडवी होती. तिच्यातून २,८८० यार्डांचा, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त लांबीचा बोगदा काढायचा ठरले. इंग्लंडात कुणी होड्यांसाठी एवढा बोगदा खणलेला नव्हता. टेकडीवरून रेघ आखायची, त्या रेघेवर विहिरी खणायच्या, प्रत्येक विहिरीच्या तळातून दोन्ही बाजूंना खणत जायचे आणि शेजारच्या विहिरीतून येणाऱ्याला भेटायचे. आत कुठे कठीण खडक, कुठे वाहती वाळू, आणि सगळीकडे पाणी. उपसायला पवनचक्क्या पुरेनात, तेव्हा वाफेची इंजिने लावली. एवढे करून रुंदी नऊ फूट ठेवली. घोड्याला चालायला काठही नाही. घोडा टेकडीवरून पलीकडे न्यायचा, आणि होडीवरच्या माणसांनी आडवे पडून बोगद्याच्या भिंतीला पाय लावून होडी ढकलत न्यायची. दोन-तीन तास अंधारात असे पायांनी चालायचे, तेही उताणे पडून. पुढे याचीच रोजंदारी करणारी माणसे बोगद्यांच्या तोंडाशी बसू लागली.

या टेकडीत कोळसाही होता. वरची गोल्डनहिलची जमीन ब्रिंडली, गिल्बर्ट, हेन्शॉल यांनी मिळून १७६० सालीच विकत घेऊन ठेवलेली होती! बोगद्यातून आडवे फाटे काढून कोळसा थेट होड्यांत भरता येई. आज असा सर्व्हेअर सापडला तर चौकशी लागेल. त्या काळी ते दूरदृष्टीत मोडे.

बोगदा अरुंद, म्हणून होडी अरुंद. होडी अरुंद, म्हणून लॉक अरुंद. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. होडी आत घ्यायची, दारे लावायची, पाणी भरून वर चढवायची किंवा सोडून खाली उतरवायची. ब्रिंडलीने त्याचे माप ठरवले सुमारे ७२ फूट लांब आणि सात फूट रुंद. टर्नहर्स्टच्या आपल्या घराच्या बागेत त्याने आधी एक लॉक बांधून पाहिले होते, असे सांगतात. एका वेळी सुमारे २५ हजार गॅलन पाणी जाते. रुंदी दुप्पट केली तर पाणीही दुप्पट. माथ्यावर, जिथे दोन्ही बाजूंनी होड्या पाणी खाली घेऊन जातात आणि वरून फक्त पाऊस येतो, तिथे हा फरक जगण्यामरण्याचा असतो. सात फुटी होडीत पंचवीस-तीस टन माल बसे आणि एक घोडा ती ओढे. पाठीवर तोच घोडा जेमतेम सव्वाशे किलो नेत असे. १७६६ साली कुणाला याहून जास्त हवे होते?

*

मग कामांचा पूरच आला. ट्रेंट-मर्सीच्या मंजुरीच्याच दिवशी स्टॅफर्डशर-वूस्टरशर कालवाही मंजूर झाला, जो सेव्हर्न नदीला जिथे मिळतो तिथे स्टोरपोर्ट नावाचे गाव शून्यातून उभे राहिले. १७६८ मध्ये बर्मिंगहॅम, ड्रॉइटविच आणि कोव्हेंट्री. १७६९ मध्ये ऑक्सफर्ड. १७७१ मध्ये चेस्टरफील्ड. मर्सी, ट्रेंट, सेव्हर्न, टेम्स या चार नद्या एका फुलीने जोडायचे चित्र त्याच्या मनात होते. एका माणसाला हे झेपणारे नव्हते, आणि झेपलेही नाही. रोजची देखरेख सॅम्युअल सिमकॉक, टॉमस डॅडफर्ड, रॉबर्ट व्हिटवर्थ, हेन्शॉल यांच्याकडे. ब्रिंडली घोड्यावरून या कामावरून त्या कामावर. या मंडळींची नावे आज फार थोड्यांना ठाऊक आहेत, पण ब्रिंडलीची खरी शाळा तीच. हेअरकासलच्या कामात हात बसलेला जोसाया क्लोज पुढे टेम्स आणि सेव्हर्न जोडणाऱ्या कालव्यावर सॅपर्टनचा ३,८१७ यार्डांचा बोगदा काढून मोकळा झाला.

लग्नही त्याने याच धांदलीत केले. १७६५ च्या डिसेंबरात, एकोणपन्नासाव्या वर्षी. बायको हेन्शॉलची बहीण ॲन, वय एकोणीस. दोन मुली झाल्या. त्याआधी मेरी बेनेट नावाच्या बाईपासून त्याला एक मुलगा झाला होता, आणि त्या मुलाच्या वंशात पुढे अर्नॉल्ड बेनेट हा कादंबरीकार निघाला, ज्याने याच मातीच्या भांड्यांच्या गावांवर पुस्तके लिहिली. करमणुकीचा प्रसंग चरित्रात एकच आढळतो: लंडनला मित्रांनी त्याला गॅरिक या नटाचे ‘रिचर्ड द थर्ड’ दाखवायला नेले. त्या नाटकाने त्याचे डोके असे काही ढवळून निघाले की नंतर कित्येक दिवस त्याला काम सुचेना. पुन्हा म्हणून तो नाटकाला गेला नाही.

वेजवुडला त्याच्या तब्येतीची काळजी वाटत होती, आणि १७६७ च्या पत्रांतच ती दिसते. माणूस खंगत चालला आहे, वेळीच थांबला नाही तर लोकांचा फायदा होईल पण हा राहणार नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. १७७२ च्या सप्टेंबरात ट्रेंट-मर्सी कालव्याच्या कॅल्डन फाट्याची पाहणी करताना ब्रिंडली पावसात चिंब भिजला आणि इप्स्टोन्सच्या खानावळीत त्याला ओलसर अंथरूण मिळाले. ताप आला. तपासायला आलेला वैद्य इरॅस्मस डार्विन, चार्ल्स डार्विनचा आजोबा. त्याच्या लक्षात आले की या रोग्याला मधुमेह आहे, आणि तो बराच जुना आहे. २७ सप्टेंबरला टर्नहर्स्टला ब्रिंडलीने प्राण सोडला. न्यूचॅपलच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. बर्मिंगहॅमचा कालवा त्याच महिन्यात पुरा झाला होता. हेअरकासल व्हायला अजून पाच वर्षे होती. ट्रेंट-मर्सी आणि चेस्टरफील्ड, दोन्ही हेन्शॉलने १७७७ मध्ये पुरे केले.

*

पुढची दोनशे वर्षे हे हिशेब फिटत राहिले. ऑक्सफर्ड कालव्याची उत्तरेकडची वाट इतकी वळणे घेत होती की १८२९ ते १८३४ या काळात ती नव्याने सरळ केली, आणि १४ मैल कमी झाले. बर्मिंगहॅमला २२ मैलांचा कालवा टॉमस टेलफर्डने १५ वर आणला, स्मेदिकच्या टेकडीत ७० फूट खोल घळ कापून. वळणांबद्दल ब्रिंडलीच्या कंपन्यांवर तेव्हापासून एक आरोप होत आला: मैलामागे टोल मिळतो, मग कालवा लांबेल कसा नाही! थोडे खरे असेल. पण वळणे खाणींच्या दारातून आणि कारखान्यांच्या मागून जात होती, हेही तितकेच खरे. सरळ करणाऱ्यांना वाफेची इंजिने, लोखंड आणि साठ वर्षांचा अनुभव मिळाला होता. हेअरकासलला टेलफर्डने १८२४ ते १८२७ या तीन वर्षांत शेजारी दुसरा बोगदा काढला, घोड्यासाठी काठासकट. ब्रिंडलीच्या बोगद्याला अकरा वर्षे लागली होती. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीस खचू लागला आणि बंद पडला. किड्सग्रोव्हच्या रेल्वे स्टेशनात उतरले की कालवा बाजूलाच आहे. टेकडीतल्या लोखंडाने तिथले पाणी आजही गर्द नारिंगी असते.

वळणे निदान सरळ करता आली. सात फुटांचे काय करणार? एका कालव्याची लॉके रुंद करून उपयोग नाही, कारण त्याला जोडलेल्या बाकीच्यांची अरुंद. रेल्वे आली तेव्हा मिडलँड्समधला कालवा तीस टनांच्या होडीत अडकून पडला होता. युरोपातले कालवे शेकडो टनांची जहाजे नेत राहिले. इंग्लंडच्या अंतर्भागातल्या कालव्यांवरचा व्यापार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपला. आज त्याच पाण्यावर सहल करणाऱ्यांच्या आणि तरंगत्या घरांत राहणाऱ्यांच्या रंगीत होड्या असतात. कारखान्यातून नवी कोरी निघणारी होडीसुद्धा सहा फूट दहा इंच रुंदच बांधतात.

बर्मिंगहॅममध्ये कालव्याकाठच्या कचेऱ्या आणि हॉटेलांच्या नव्या भागाला ब्रिंडलीप्लेस नाव दिले आहे. त्याचा पुतळा कोव्हेंट्रीच्या कालव्याच्या धक्क्यावर आहे, टेबलावरच्या नकाशावर वाकलेला. याच कोव्हेंट्रीच्या कंपनीने १७६९ साली ब्रिंडलीला नोकरीवरून काढून टाकले होते. दोन वर्षांत कालवा ॲथरस्टोनपर्यंत पोहोचला आणि पैसे संपले. फ्रॅडलीला ट्रेंट-मर्सीशी जोड मिळायला १७९० उजाडले.